मृत्यूची वर्दी सरकारनेच सरकारला द्यावी

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरचा ‘कॅग’चा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेत मांडला गेला. त्यातल्या एका नोंदीवरून चार दिवस गदारोळ झाला आणि विषय मागे पडला. योजनेच्या संगणकप्रणालीत ८८,७६० रुग्णांचा उपचारादरम्यान मृत्यू झाल्याची नोंद होती. त्यांतल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर मृत्यूची नोंद झाल्यानंतरही नव्या उपचारांचे दावे दाखल झाले, मंजूर झाले आणि ३,९०३ दाव्यांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये रुग्णालयांच्या खात्यांत जमा झाले. सर्वाधिक रक्कम केरळात गेली होती, त्याखालोखाल मध्य प्रदेशात.

लाखो दावे आणि हजारो कोटींचा खर्च असलेल्या योजनेत सात कोटी म्हणजे काहीच नाही, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. रकमेपुरते ते खरे आहे. पण हे दावे कोणत्या तपासातून उघडे पडले ते पाहा. कुणाला स्मशानभूमीची वही चाळावी लागली नाही, गावोगाव फिरावे लागले नाही. माणूस गेला हे योजनेच्याच प्रणालीला ठाऊक होते, कारण तिथेच ते नोंदवलेले होते. तरीही त्याच प्रणालीने त्याच माणसाचा पुढचा दावा स्वीकारला, राज्याच्या यंत्रणेने मंजूर केला आणि पैसे सोडले. जे मृत्यू रुग्णालयाबाहेर झाले, घरी झाले, शेतात किंवा रस्त्यावर झाले, त्यांची तर या प्रणालीला वर्दीच नव्हती. मग त्या मृतांच्या नावावर काय झाले असेल, हा प्रश्न त्या चार दिवसांत फारसा कुणी विचारला नाही. मला तोच सर्वांत मोठा वाटतो.

या विषयावर बोलताना पहिली घाई होते ती मृताच्या नावावर गेलेला प्रत्येक रुपया चोरीचा ठरवण्याची. तसे ठरवले तर नुकसान गरीब रुग्णाचेच होईल. रात्री दोन वाजता छातीत कळ येऊन कोसळलेला माणूस रुग्णालयात आणला जातो. सोबतच्यांकडे कार्ड नाही, शिधापत्रिका घरी कपाटात, मोबाइलची बॅटरी संपलेली. डॉक्टर कागदांची वाट पाहत नाहीत आणि पाहूही नये. उपचार सुरू होतात, पहाटे पाचला माणूस जातो. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर त्याची नोंद होते दुसऱ्या दिवशी दुपारी, पुतण्या गावाहून कागद घेऊन आल्यावर. प्रणालीत पाहिले तर मृत्यू आधीचा आणि उपचाराच्या मंजुरीचा अर्ज नंतरचा. हा दावा शंभर टक्के खरा आहे आणि तो दिलाच पाहिजे. तो अडवला, तर पुढच्या वेळी असाच अत्यवस्थ रुग्ण दारात आल्यावर रुग्णालय आधी कागद मागेल, किंवा ‘मोठ्या हॉस्पिटलला न्या’ म्हणून वाटेला लावील.

अहवालानंतर केंद्र सरकारने जो खुलासा केला, त्याचा आधार हाच होता. रुग्ण दाखल झाल्यानंतर तीन दिवसांपर्यंत मंजुरीचा अर्ज करण्याची मुभा रुग्णालयांना आहे. नेटवर्क नसते, तातडीची वेळ असते, म्हणून ती दिलेली आहे. काही रुग्ण अर्ज होण्याआधीच दगावतात, त्यामुळे तारखा उलट्या दिसतात. शिवाय यातले निम्म्याहून अधिक दावे सरकारी रुग्णालयांचे आहेत आणि तिथे पैसे रुग्णालयाच्या खात्यात जमा होत असल्याने फसवणूक करण्याचे कारण नाही, असेही सरकारने सांगितले.

खुलाशाचा पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा नाही. सरकारी रुग्णालयाला मिळालेल्या दाव्यांच्या रकमेतून कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता देण्याची तरतूद अनेक राज्यांत आहे, आणि किती दावे केले यावर वरिष्ठांकडून आढावा घेतला जातो. लोभ नसला तरी आकडा फुगवण्याचा मोह तिथेही असू शकतो. ‘सरकारी आहे म्हणून तपासायची गरज नाही’ हे तत्त्व कोणत्याही हिशेबात चालत नाही.

पण खुलाशातली खरी उणीव निराळी आहे. उशिरा अर्ज करण्याची मुभा देणे योग्य असेल, तर प्रणालीत चार तारखा वेगवेगळ्या नोंदवल्या गेल्या पाहिजेत आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या पाहिजेत: रुग्ण दाखल झाला ती, प्रत्यक्ष उपचार झाला ती, मृत्यू झाला ती आणि अर्ज केला ती. अर्जाची तारीख मृत्यूनंतरची असली तर बिघडत नाही. उपचाराची तारीख मृत्यूनंतरची असेल तर तो दावा एक पाऊलही पुढे जाता कामा नये. खऱ्या आणि खोट्या दाव्यांमधली रेषा इतकी स्पष्ट आहे. ती संगणकाला शिकवायला फार मोठी बुद्धी लागत नाही.

आणि हे कुणी आधी सांगितले नव्हते असेही नाही. २०२० च्या जुलैमध्येच लेखापरीक्षकांनी ही त्रुटी योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या नजरेस आणून दिली होती. प्राधिकरणाने ती मान्य केली आणि प्रणालीत मृत दाखवलेल्या व्यक्तीचे ओळखपत्र बंद होईल अशी सोय २२ एप्रिल २०२० पासून केली आहे, असे कळवले. त्यानंतरही असे दावे सापडले. पुन्हा विचारणा झाली तेव्हा, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, मागील तारखेने नोंद करण्याची मुभा कामकाजाच्या सोयीसाठी ठेवली आहे असे उत्तर आले. आधी ‘दार बंद केले’ आणि नंतर ‘दार सोयीसाठी उघडे ठेवले’, ही दोन्ही उत्तरे एकाच कार्यालयाची. लेखापरीक्षकांनी दुसरे उत्तर अमान्य केले आणि ते योग्यच केले.

मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्यांना नेमके काय लागते? कार्डाची प्रत, फोटो, जुने रिपोर्ट. हे सारे आधीच्या उपचारांमुळे रुग्णालयाच्या दप्तरात पडलेलेच असते. सर्वांत सोपी जागा डायलिसिसची. या योजनेत सर्वाधिक वेळा घेतल्या जाणाऱ्या उपचारांत डायलिसिस येते. रुग्ण आठवड्यातून दोनतीनदा येतो, प्रत्येक खेपेचा दावा ठरावीक रकमेचा, प्रत्येक खेपेचे कागद सारखेच. असा रुग्ण घरी गेला आणि महिनाभर त्याच्या खेपा कागदावर चालू राहिल्या, तर दावा तपासणाऱ्याला खटकण्याजोगे काही दिसत नाही. रक्कम लहान, उपचार नेहमीचा, रुग्ण ओळखीचा. फिलिपिन्समध्ये २०१९ साली राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या बाबतीत नेमका हाच आरोप झाला. मरण पावलेल्या रुग्णांच्या नावाने एका डायलिसिस केंद्राने दावे केल्याचे तिथल्याच माजी कर्मचाऱ्यांनी उघड केले आणि तो देशभर मोठा घोटाळा म्हणून गाजला.

यात लुटली जाते ती फक्त सरकारी तिजोरी, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. ५ लाखांचे कवच एका माणसाला मिळत नाही, सबंध कुटुंबाला मिळून वर्षाला मिळते. गेलेल्या वडिलांच्या नावावर कागदोपत्री डायलिसिस चालू राहिले, तर ती रक्कम त्याच कवचातून वजा होते. सहा महिन्यांनी मुलाचा अपघात झाला किंवा सुनेचे गर्भाशयाचे ऑपरेशन निघाले की ‘शिल्लक कमी आहे’ हे उत्तर त्या घराला मिळते. का कमी आहे, हे त्यांना कळतही नाही. चोरी सरकारची झाली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ज्या घरातला माणूस गेला, त्याच घराच्या उरलेल्या माणसांकडून ती होते. या विषयाचा मला सर्वांत जास्त संताप येतो तो इथे.

खरे तर या चोरीवर सर्वांत चांगली नजर घरच्यांचीच राहू शकते. दावा मंजूर झाला की कुटुंबाच्या मोबाइलवर मराठीत, हिंदीत, ज्याच्या त्याच्या भाषेत एक ओळ आली: ‘अमुक यांच्या नावावर अमुक तारखेला अमुक उपचार, अमुक रक्कम.’ वडील दोन महिन्यांपूर्वी गेलेत आणि काल त्यांचे डायलिसिस झाले, हे वाचून कोणता मुलगा गप्प बसेल? पण त्याच ‘कॅग’ अहवालात असे आढळले की ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले होते आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ. आणखी १,३९,३०० जणांच्या नावापुढे दहा वेळा आठ. मोबाइल क्रमांक लाभार्थी ओळखण्यासाठी वापरला जात नाही, असे सरकारने त्यावर सांगितले. ओळखीसाठी वापरत नसतील, कबूल. पण कळवण्यासाठी तरी तो लागतोच ना? नोंदणी उरकण्यासाठी नऊ नऊ दाबत गेलेल्या बोटाने त्या साडेसात लाख लाभार्थ्यांपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद केली.

आपणच तेवढे ढिसाळ आहोत असेही नाही. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत बहुतेक राज्ये विमा व्यवस्थापन कंपन्यांना दरमहा माणशी ठरावीक रक्कम देतात. उपचार झाला काय, न झाला काय, नाव यादीत असले की पैसे जातात. माणूस मेला आणि नाव यादीत राहिले, तर कंपनीला काही न करता दरमहा रक्कम मिळत राहते. तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी १४ राज्यांच्या तपासण्यांत मिळून सुमारे २४ कोटी ९० लाख डॉलर मृतांच्या नावे गेल्याचा अंदाज काढला. आता २०२५ च्या कायद्याने राज्यांना २०२७ पासून दर तिमाहीला मृत्यूंच्या राष्ट्रीय यादीशी आपली लाभार्थी यादी ताडून पाहणे सक्तीचे केले आहे. इतक्या श्रीमंत देशाला हे सुचायला इतकी वर्षे लागली. मला त्यातून घेण्यासारखे वाटते ते एवढेच, की तिथे जबाबदारी मृताच्या कुटुंबावर टाकलेली नाही. दोन सरकारी याद्या एकमेकींशी जुळवण्याचे काम सरकारचे ठरवले आहे.

आपल्याकडे ही जबाबदारी अजून कुटुंबावर आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या घरात माणूस गेल्यावर काय होते ते पाहू. रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना ४ भरतात, घरी झाला तर ज्या डॉक्टरने आजारपणात पाहिले त्याने नमुना ४-अ द्यायचा असतो, पण घरी गेलेल्या कित्येकांना शेवटच्या आजारात डॉक्टर भेटलेलाच नसतो. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत वर्दी द्यायची. उशीर झाला की विलंब शुल्क, तीस दिवस उलटले की लेखी परवानगी, वर्ष उलटले की वरच्या अधिकाऱ्याचा आदेश. दाखला हातात आला की खरी पायपीट सुरू होते. बँकेत एक प्रत, शिधापत्रिकेतून नाव कमी करायला तहसीलच्या पुरवठा शाखेत एक प्रत, सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे एक, संजय गांधी निराधारचे मानधन असेल तर तिकडे एक, वीजबिलासाठी एक. यातल्या प्रत्येक टेबलावर तोच मृत्यू नव्याने सिद्ध करावा लागतो. सुतक फिटायच्या आत लोक झेरॉक्सच्या दुकानात उभे असतात.

या रांगेत ‘आरोग्य योजनेचे कार्ड बंद करा’ ही आणखी एक खिडकी जोडणे मला चुकीचे वाटते. ते कुणी करणारही नाही. कार्ड बंद न केल्याने घरच्यांचे नुकसान होते हे त्यांना माहीत नसते, आणि माहीत असले तरी त्या दिवसांत ते कुणाच्या यादीत पहिले नसते. म्हणूनच माझे म्हणणे सरळ आहे. मृत्यूची नोंद एकदा सरकारकडे झाली की ती वर्दी पुढच्या प्रत्येक सरकारी दारापर्यंत नेणे हे सरकारचे काम आहे. कुटुंबाने ती एकदाच द्यावी.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. २०२३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. राज्यांच्या नोंदी एका राष्ट्रीय संचात येतील आणि मतदारयादी, आधार, शिधापत्रिका अशा याद्या अद्ययावत करायला त्या वापरता येतील, अशी तरतूद त्यात केलेली आहे. आधारच्या बाबतीत हे सुरूही झाले. आधार प्राधिकरणाने २०२५ च्या जुलैत सांगितले की जन्म-मृत्यू नोंदणीच्या महानिबंधकांकडून मिळालेल्या मृत्यूनोंदींच्या आधारे सुमारे १ कोटी १७ लाख मृतांचे आधार क्रमांक बंद केले. म्हणजे माहिती आहे, ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते आहे, पडताळणीही होते आहे. तीच माहिती आरोग्य योजनेच्या दावे मंजूर करणाऱ्या टेबलावर दर आठवड्याला पोहोचली पाहिजे आणि कोणताही दावा मंजूर होण्याआधी तिच्याशी ताडला गेला पाहिजे.

एवढ्यावर भागणार नाही, कारण मृत्यूची यादीच अपुरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीत देशात सुमारे ७१ टक्के मृत्यूंचीच नोंद झाल्याचे दिसले. बाईच्या मृत्यूची नोंद पुरुषापेक्षा कमी होते. नावावर जमीन नाही, बँकेत काही नाही, मग दाखला हवाय कशाला, असा व्यवहारी विचार त्यामागे असतो. गावातली म्हातारी गेली आणि कुणालाच दाखल्याची गरज पडली नाही, तर सरकारच्या लेखी ती अजून जिवंत आहे. तिचे कार्डही. त्यामुळे याद्या जुळवण्याच्या जोडीला रुग्ण समोर असल्याची खातरजमा लागणारच. दाखल होताना आणि घरी जाताना चेहऱ्याची किंवा बोटाची ओळख, आणि डायलिसिससारख्या उपचारात प्रत्येक खेपेला. शस्त्रक्रियेच्या मोठ्या दाव्यांत फोटो, रिपोर्ट बारकाईने पाहिले जातात. मला काळजी आहे ती लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या दाव्यांची, कारण तिथे पाहणाऱ्याचे डोळे सरावलेले असतात.

काही जण याहून सोपा उपाय सुचवतात. निवृत्तिवेतनधारकांकडून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेतात, तसाच तो आरोग्य कार्डासाठीही घ्यावा, नाही दिला तर कार्ड बंद. हा उपाय मला घातक वाटतो. निवृत्तिवेतन दरमहा येते, ते थांबले की पहिल्याच महिन्यात माणसाला कळते आणि तो बँकेत धावतो. आरोग्य कार्ड वर्षानुवर्षे पेटीत पडून असते. ते बंद झाल्याचे कळेल ते थेट रुग्णालयाच्या खिडकीवर, स्ट्रेचर बाहेर उभे असताना. आयुष्यभर खुरपे, विळा, पाटी धरून बोटांचे ठसे झिजलेल्या माणसांना दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला लावायचे, आणि ते का, तर काही रुग्णालयांनी चोरी केली म्हणून? गुन्हा एकाचा आणि हजेरी दुसऱ्याची.

जिवंत माणूस कागदावर मेला की काय होते, याचे उदाहरण या देशात जगजाहीर आहे. उत्तर प्रदेशातल्या आझमगडच्या लाल बिहारींना महसूल दप्तरात मृत दाखवून त्यांची जमीन नातेवाइकांनी लाटली. आपण जिवंत आहोत हे सरकारदरबारी मान्य करून घ्यायला त्यांना १९९४ पर्यंत, म्हणजे जवळपास दोन दशके झगडावे लागले. आपल्या नावापुढे त्यांनी ‘मृतक’ लावले आणि अशाच इतरांची संघटना उभी केली. जमिनीच्या बाबतीत अठरा वर्षे लढता येते. हृदयविकाराच्या झटक्यात अठरा मिनिटेही नसतात. याद्या जुळवताना चुका होणारच. एका गावात एकाच नावाच्या, एकाच वयाच्या चार बायका असतात, जन्मतारीख बहुतेकांची १ जानेवारी किंवा १ जून, नवऱ्याचे नावही कधी कधी जुळते. एक गेली आणि संगणकाने दुसरीला मृत ठरवले, तर तिच्या उपचाराचे काय?

म्हणून या सगळ्या व्यवस्थेचा पहिला नियम मी असा मांडीन: उपचार थांबवू नका, पैसे थांबवा. रुग्ण समोर आहे आणि यादी म्हणते तो मेला, तर समोरच्या माणसावर विश्वास ठेवायचा. ओळख पटवून उपचार सुरू करायचे. दावा मात्र बाजूला निघेल, त्याची जिल्हा पातळीवर तपासणी होईल. गावच्या आशाताईला एक फोन केला तरी माणूस आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते. तो जिवंत असेल तर पैसे लगेच सुटतील आणि मृत्यूनोंदीतली चूक दुरुस्त करायची जबाबदारीही त्याच कार्यालयाची, त्या माणसाची नाही. तो मृत असेल आणि उपचाराची तारीख मृत्यूनंतरची असेल, तर वसुली, दंड आणि गुन्हा.

रोखून धरलेल्या दाव्याला मुदत हवी. सात दिवस मला पुरेसे वाटतात. ती मुदत पाळली गेली नाही तर पैसे सोडायचे आणि ज्या अधिकाऱ्याने तपासणी केली नाही त्याला जाब विचारायचा. मुदतीचा आग्रह मी एका कारणासाठी धरतो. या योजनेत प्रामाणिक रुग्णालयांचेही पैसे महिनोन्‌महिने थकतात. हरियाणात २०२५ च्या ऑगस्टमध्ये थकबाकीच्या कारणावरून खासगी रुग्णालयांनी आयुष्मानचे उपचारच थांबवले होते. मृतांच्या नावावरची चोरी थांबवायच्या निमित्ताने आणखी एक ‘प्रलंबित’चा शिक्का तयार झाला, तर छोटी, चांगली रुग्णालये योजनेतून बाहेर पडतील आणि ज्यांना कागद रंगवण्याची कला अवगत आहे तीच उरतील.

जिथे योजना विमा कंपनीमार्फत चालते, तिथे आणखी एक छिद्र आहे आणि त्याकडे लक्ष कमी जाते. तिथे राज्य सरकार कंपनीला कुटुंबामागे वार्षिक हप्ता देते. केंद्राच्या योजनेची मूळ लाभार्थी यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेवर आधारलेली आणि योजना सुरू झाली २०१८ साली. मधल्या सात वर्षांत किती घरे विझली, किती एकट्या म्हाताऱ्यांची नावे मागे उरली. ज्या घरात आता कुणीच राहिलेले नाही, त्या घराचा हप्ता कुणाच्या खिशात जातो? तिथे खोटा दावाही लागत नाही. पैसे आपोआप जातात. विमा करार करताना मृत्यूनोंदीनुसार हप्त्याची रक्कम परत घेण्याचे कलम प्रत्येक राज्याने घातलेच पाहिजे.

हे सगळे आजच का, याचे कारण ज्येष्ठांच्या कार्डात आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. सरकारच्याच अंदाजाने साडेचार कोटी कुटुंबांतले सहा कोटी ज्येष्ठ त्यात येतात. निर्णय चांगला आहे, म्हातारपणी मुलांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये यासाठी तो हवाच होता. पण या वयात मृत्यूचे प्रमाण जास्त, आजार जुनाट, उपचार पुन्हा पुन्हा लागणारे. दरवर्षी लाखो कार्डधारक जातील आणि त्यांची कार्डे प्रणालीत चालूच राहतील. महाराष्ट्रात तर महात्मा जोतीराव फुले योजनेचे कवचही आता ५ लाखांवर गेले असून शिधापत्रिकेचा रंग कोणताही असला तरी ती लागू आहे. लाभार्थी वाढले, रक्कम वाढली. मृत्यूची वर्दी पोहोचवण्याची व्यवस्थाही त्याच वेगाने वाढायला हवी.

सुरुवात महाराष्ट्राने करावी. मृत्यूनोंदणी आणि फुले योजना ही दोन्ही कामे आपल्याकडे आरोग्य खात्याच्याच छताखाली येतात. जन्म-मृत्यू नोंदणीचे राज्याचे मुख्य निबंधक आरोग्य खात्यातलेच, फुले योजना राबवणारी राज्य आरोग्य हमी सोसायटीही त्याच खात्याची. दोन खात्यांच्या पत्रव्यवहाराची सबबही इथे चालणार नाही. सोसायटीने दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर जिल्हावार आकडे टाकावेत: किती दावे मृत्यूनोंदीशी जुळल्यामुळे रोखले, त्यांतले किती खरे निघाले, किती रुग्णालयांकडून किती रक्कम वसूल केली, आणि किती जिवंत माणसांना चुकून मृत ठरवले गेले होते. शेवटचा आकडा बाकीच्यांइतक्याच ठळक अक्षरांत हवा.